मेकाँगकाठच्या दोन राजधान्या: पिवळ्या भिंती आणि मातकट पाणी

लाओसचं व्हिएंतियान आणि कंबोडियाचं नॉम पेन या दोन राजधान्या एकाच फेरीत पाहायच्या असतील तर आठ दिवस हाताशी हवेत. तीन लाओसच्या राजधानीला, चार कंबोडियाच्या, आणि मधला एक विमानतळांवर जातो. दोन्ही शहरं मेकाँगच्या काठावर, दोन्ही फ्रेंचांच्या इंडोचायनातली. कंबोडिया १८६३ साली फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला, लाओस १८९३ साली, आणि दोघेही १९५३ साली स्वतंत्र झाले. त्या काळाची रोज जाणवणारी खूण म्हणजे वाहतूक: दोन्हीकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि दुचाकी येते डावीकडून. पहिल्या दिवशी हे स्वतःला मुद्दाम बजावावं लागतं.

महिना निवडताना पाऊस, धूर आणि नदी, तिघांचा हिशेब करायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. व्हिएंतियानला डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो, नॉम पेनला लागत नाही. मार्च-एप्रिल टाळलेले बरे, आणि त्याचं कारण फक्त ऊन नव्हे. उत्तर लाओसमध्ये या दिवसांत डोंगरउतारावरची शेतं जाळतात आणि तो धूर व्हिएंतियानवर येऊन बसतो. दुपारी सूर्य तांबूस दिसतो, घसा धरतो, आणि नदीपलीकडचा थायलंडचा काठ पुसट होतो. एप्रिलच्या मध्यावर दोन्ही देशांचं नववर्ष येतं. तेव्हा तीन-चार दिवस दुकानं आणि कचेऱ्या बंद असतात, म्हणजे इमारती पाहायला आलेल्या माणसाचे ते दिवस फुकट जातात. मे ते ऑक्टोबर पावसाचे. पण पाऊस बहुधा दुपारनंतर तास-दोन तास कोसळून थांबतो, त्यामुळे सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्याला पावसाळाही चालतो. नदी भरलेली पाहायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरला पर्याय नाही.

दोन्ही देशांचा व्हिसा घरबसल्या काढता येतो. घोळ होतो तो संकेतस्थळावर. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि शोधयंत्रात त्याच आधी येतात. पत्त्यात कंबोडियासाठी ‘गव्ह डॉट केएच’ आणि लाओससाठी ‘गव्ह डॉट एलए’ अशी सरकारी शेपटी आहे का, ते पाहूनच कार्डाचा नंबर टाकायचा. दुसरी चूक फार आधी अर्ज करण्याची. लाओसच्या मंजुरीनंतर साठ दिवसांच्या आत देशात शिरावं लागतं, कंबोडियाला तीन महिने मिळतात, आणि दोन्हीकडे राहायला तीस दिवस. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत. हा व्हिसा ठरावीक विमानतळांवर आणि चौक्यांवरच चालतो, तेव्हा आपण कुठून शिरणार ते अर्जापूर्वी ठरवायचं. मंजुरीपत्राच्या दोन छापील प्रती सोबत ठेवायच्या, कारण फोनवरचं चित्र दाखवून भागेलच असं नाही. कंबोडियाला विमानाने जाताना पोहोचण्याआधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हलचा अर्जही ऑनलाइन भरावा लागतो. थायलंडमार्गे जाणाऱ्यांना त्या देशाचं डिजिटल आगमनपत्र वेगळं भरायचं असतं. विमानतळावरून नुसतं पुढे जाणार नसाल तर हे विसरू नका.

व्हिएंतियानला पोहोचायचे दोन मार्ग आमच्या वापरातले. एक सरळ: बँकॉक किंवा हनोईला विमान बदलायचं. वात्ताय विमानतळ शहराला इतका लागून आहे की उतरल्यावर पंधरा मिनिटांत नदीवर पोहोचता येतं. दुसरा स्वस्तातला: बँकॉकहून उदोन थानीला देशांतर्गत विमान, तिथून व्हॅनने पंचावन्न-साठ किलोमीटरवरचं नोंग खाय, आणि मग मैत्री पूल. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बांधलेला हा पूल १९९४ साली खुला झाला. लांबी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. चालत ओलांडता येत नाही. थाई शिक्का घेऊन फेरीच्या बसमध्ये बसायचं, पलीकडे उतरून लाओ शिक्का घ्यायचा. पुलाच्या मधोमध रेल्वेचा रूळ आहे आणि गाडी येते तेव्हा मोटारी थांबवतात. थायलंडात आपल्यासारखी डावी बाजू, लाओसमध्ये उजवी. त्यामुळे लाओ टोकाला सिग्नलवर दोन्ही दिशांच्या रांगा एकमेकींना ओलांडतात. चौकी सकाळी सहाला उघडते आणि रात्री दहाला बंद होते. संध्याकाळचं विमान घेऊन उदोनला उतरणारे इथेच अडकतात. पूल शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, म्हणजे शिक्क्यानंतरही अर्धा-पाऊण तास धरावा.

आता शहर. लाओ लोक त्याला ‘वियंग चान’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘चान’चा अर्थ बहुतेक जण चंदन असाच लावतात. ‘व्हिएंतियान’ हे फ्रेंच कानाने ऐकलेलं त्याचं स्पेलिंग. जुनं शहर लहान आहे. नदीलगत फा न्गुम रस्ता, त्याला समांतर सेत्थाथिरात, मग सामसेनथाय. हे तीन रस्ते कळले की नकाशा बाजूला ठेवता येतो. पत्ता मात्र रस्त्यावरून सांगत नाहीत. वस्तीचं नाव आणि जवळचा वाट, म्हणजे बौद्ध मंदिर, हाच पत्ता. रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव सांगण्यापेक्षा वाटाचं नाव सांगा, तो सरळ आणून सोडतो. भाड्याची घासाघीस नको असेल तर ‘लोका’ हे ॲप चालतं.

इथे येणारा माणूस पिवळ्या भिंती शोधतो. आमचं सांगणं: रंगावर विसंबू नका, साल विचारा. या शहरात फ्रेंच दिसणाऱ्या दोन सर्वांत ठळक वास्तू फ्रेंच गेल्यानंतरच्या आहेत. खांबांची रांग असलेला पांढरा राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा १९७३ साली बांधायला घेतला आणि १९८६ साली पुरा झाला. त्याच्यासमोरून निघणाऱ्या लान सांग हमरस्त्याच्या टोकाची पातुसाय कमान पॅरिसच्या कमानीची आठवण करून देते, पण ती १९५७ ते १९६८ या काळात लाओ सरकारने उभारली, फ्रेंचांशी झगडलेल्यांच्या स्मरणार्थ. तिचं सिमेंट अमेरिकेने विमानतळासाठी दिलेलं होतं, म्हणून तिला ‘उभी धावपट्टी’ असं नाव पडलं. कमानीखाली उभं राहून वर पाहा: छताला विष्णू, ब्रह्मा, इंद्र आहेत. मग जिना चढून वर जा. ‘लान सांग’ म्हणजे दहा लाख हत्ती, हे इथल्या जुन्या राज्याचं नाव. त्या नावाचा सरळसोट हमरस्ता वरून पाहिला की फ्रेंच नगररचना आणि लाओ नाव एका नजरेत येतात.

उलट जे अस्सल लाओ वाटतं त्याच्यामागे फ्रेंच हात असतो. देशाचं बोधचिन्ह झालेला सोनेरी थात लुआंग स्तूप राजा सेत्थाथिरात याने १५६६ साली उभारला. १८२७-२८ साली सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सैन्याने शहर उद्ध्वस्त केलं, पुढे स्तूपही मोडकळीला आला. १८६७ साली मेकाँगच्या उगमाकडे निघालेली फ्रेंच मोहीम इथून गेली तेव्हा शहरावर रान माजलं होतं. त्या मोहिमेतला चित्रकार लुई दलापोर्त याने पडका स्तूप कागदावर उतरवला. फ्रेंचांनी १९०० साली केलेली पहिली डागडुजी लोकांना रुचली नाही, म्हणून १९३० च्या दशकात दलापोर्तच्या चित्रांवरून पुन्हा बांधकाम केलं. आज आपण नमस्कार करतो तो आकार या दुसऱ्या खेपेचा. हो फ्रा केओचंही तेच: मूळ मंदिर १५६५ चं, आत पाचूचा बुद्ध होता, तो सयामी सैन्याने १७७९ साली नेला आणि आज तो बँकॉकला आहे. सध्याची इमारत १९३६ ते १९४२ मध्ये उभी राहिली आणि कामावर देखरेख होती पॅरिसमध्ये शिकलेल्या सुवन्ना फुमा या राजपुत्राची, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. खरोखर जुनं पाहायचं असेल तर रस्ता ओलांडून समोरच्या वाट सी साकेतमध्ये शिरा. १८२८ च्या विध्वंसातून वाचलेलं हे शहरातलं महत्त्वाचं मंदिर. भोवतालच्या ओवरीच्या भिंतीत लहान लहान कोनाडे आहेत आणि प्रत्येकात बुद्ध बसलेले. खाली ओळीने मोठ्या मूर्ती. सकाळी आठला दार उघडतं. साडेआठपर्यंत सहलीच्या बसगाड्या येतात, म्हणून आठच्या ठोक्याला दारात असावं.

मग खरी फ्रेंच घरं कुठे? सेत्थाथिरात रस्त्याच्या गल्ल्यांत, फ्रेंच वकिलातीच्या आणि १९२८ च्या कॅथलिक चर्चच्या आसपास, आणि नदीलगतच्या काही आवारांत. घर नीट पाहायचं तर दाराकडून न पाहता छपराखालून पाहायला सुरुवात करा. वळचण भिंतीपासून चांगली हात-दीड हात बाहेर आलेली असते, म्हणजे पागोळ्या भिंतीवर पडत नाहीत. तिच्या लगेच खाली, छताला चिकटून, भिंतीत नक्षीदार भोकांची ओळ असते. वर चढलेली गरम हवा तिथून निघून जाते. त्याखाली उंच अरुंद खिडक्या. त्यांना काचा नसायच्या, झिलमिलीची लाकडी दारं असायची, वारा आत आणि पाऊस बाहेर ठेवणारी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, मुंबईच्या चाळींत पाहिलेली तीच झिलमिली. जमिनीपासून घर दोन-तीन फूट उचललेलं असतं, पुराच्या आणि ओलीच्या भीतीने. आता बिघाड कुठे होतो तेही दिसतं: मूळ भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्यातलाच पिवळा रंग होता, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर पडायची. नंतर वरून सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, आणि गुडघ्याइतक्या उंचीवर पोपडे सुटायला लागतात. ज्या घराचे पोपडे खालून वर चढत गेलेत, ते बहुधा असं ‘दुरुस्त’ केलेलं. वातानुकूलनासाठी वरची भोकं बुजवलेलीही खूप ठिकाणी दिसतात, आणि मग आत बुरशीचा वास येतो.

या घरांतून राहणारे सगळे फ्रेंच नव्हते, हेही ध्यानात ठेवावं. कारभारासाठी फ्रेंचांनी व्हिएतनामी कारकून, कामगार आणि दुकानदार इथे आणले. १९४३ साली व्हिएंतियानच्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक व्हिएतनामी होते. सकाळचा पाव आणि त्यातलं लोणचं इथवर आलं त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे.

तो पाव म्हणजे ‘खाव ची’. ‘खाव’ म्हणजे भात, ‘ची’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला. गव्हाच्या पावालाही भाताचंच नाव मिळालं. आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, यांचा फ्रेंचांकडून. पॅरिसच्या पावापेक्षा हा हलका, कवच पातळ. गाडीवर मधोमध चिरून, कोळशावर धरून, आत ‘पाते’ म्हणजे वाटलेल्या मांसाचा लेप, गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं, काकडी, कोथिंबीर आणि तिखट सॉस. हे सगळं सकाळी नऊच्या आत खायचं. दमट हवेत कवच दोन तासांत चामट होतं आणि दुपारचा खाव ची ओढून तोडावा लागतो. शाकाहाऱ्यांनी अंडं चालत असेल तर ‘खाव ची खाय’ मागावा. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा ‘पा देक’ म्हणजे आंबवलेल्या माशांचा रस असतो. ‘बो साय सीन, बो साय पा देक’ म्हणजे मांस घालू नका, पा देक घालू नका, हे दोन्ही सांगावं लागतं. ‘किन जे’ म्हटलं की कडक शाकाहार समजतो. कॉफी बोलावेन पठारावरची; तीही लागवड फ्रेंचांनी सुरू केली. खाली आटवलेल्या गोड दुधाचा थर असतो, न ढवळता पहिला घोट घेतला तर कडू आणि शेवटचा पाक.

पैशांचं लाओसमध्ये वेगळं गणित. एका डॉलरला वीस हजारांहून जास्त किप येतात, त्यामुळे पाकीट फुगतं आणि शून्यं मोजण्यात चूक होते. वीस हजारांची आणि दोन हजारांची नोट घाईत एकसारखी वाटते. एटीएम एका वेळी मर्यादित रक्कमच देतं आणि दर वेळी शुल्क कापतं, म्हणून डॉलर नेऊन बँकेत बदलणं परवडतं. देशाबाहेर किप कोणी घेत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री उरलेले खर्चून टाकावेत.

दुपारी बारा ते तीन बाहेर फिरू नका. त्या वेळी कोप केंद्रात, म्हणजे कृत्रिम हात-पाय पुरवणाऱ्या संस्थेच्या प्रदर्शनात जा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला आणि क्लस्टर बाँबमधले न फुटलेले गोळे आजही शेतात हात-पाय तोडतात. केंद्रात छताला टांगलेले गोळे आणि खेड्यांतून आलेले घरगुती कृत्रिम पाय, बांबूचे, पत्र्याचे, पाहिले की बाहेर येऊन लगेच बोलवत नाही. प्रवेशशुल्क नाही, देणगी द्यावी. दीड तास लागतो.

संध्याकाळी नदी. इथे काठ नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य थायलंडच्या बाजूला पाण्यावर मावळतो. हिवाळ्यात पाच वाजता चाओ अनुवोंग बागेत यावं. १८२८ साली सयामशी लढून हरलेल्या राजाचा हा पुतळा, एक हात नदीपलीकडे पुढे केलेला. २००८ च्या ऑगस्टमध्ये मेकाँग इतकी चढली की काठावर वाळूच्या गोण्या रचाव्या लागल्या. आताचा उंच बांध आणि बाग त्यानंतरची. उन्हाळ्यात येणाऱ्यांची निराशा होते, कारण पाणी थायलंडच्या बाजूला सरकलेलं असतं आणि समोर रुंद वाळवंट. हिवाळ्यात पाण्याकाठच्या गाळावर भाजीचे वाफे दिसतात. नदीने दरवर्षी आणून टाकलेली ती फुकटची जमीन आहे.

व्हिएंतियानहून नॉम पेनला जमिनीवरून जायला पुरा दिवस आणि वर रात्र लागते. विमानाने थेट दीड तास. एके काळी फ्रेंचांना वाटलं होतं की मेकाँगमधून आगबोटी थेट चीनपर्यंत जातील. कंबोडियाच्या सीमेजवळच्या खोन धबधब्यांनी ते स्वप्न संपवलं. त्यांनी बेटावरून सुमारे सात किलोमीटरची रेल्वे टाकून बोटी पलीकडे नेल्या, तरी तो मार्ग व्यापाराचा झाला नाही. थायलंडमधून जमिनीवरून कंबोडियात शिरायचा बेत असेल तर सोडून द्या. २०२५ च्या संघर्षात त्या सीमेवरच्या चौक्या बंद झाल्या. विमान सप्टेंबर २०२५ पासून नव्या टेचो विमानतळावर उतरतं. तो शहराच्या दक्षिणेला आहे आणि जुन्या पोचेंतोंगपेक्षा बराच लांब, म्हणून जाताना-येताना तासाहून जास्त वेळ हाताशी ठेवा. जुन्या लेखांतले अंतराचे आकडे आता चालत नाहीत.

नॉम पेनमध्ये पहिली चूक नदीची होते. सिसोवाथ धक्क्यावर उभं राहून लोक मेकाँगचे फोटो काढतात. समोरची नदी मेकाँग नाही, तोन्ले साप आहे. मेकाँग तिच्या पलीकडे, छ्रोय छांगवार नावाच्या जमिनीच्या जिभेमागे. राजवाड्यासमोर दोघी मिळतात आणि लगेच दोन फाटे होतात, मेकाँग आणि बासाक. चार प्रवाहांच्या या जागेला ‘चाक्तोमुक’ म्हणतात. उच्चार सरळ करून ऐका: चतुर्मुख. ज्या राजाने १८६६ साली उदोंगहून राजधानी इथे आणली तो नोरोदोम म्हणजे नरोत्तम. धक्का पूर्वेकडे पाहतो, म्हणून इथे सूर्योदय पाण्यावर मिळतो, सूर्यास्त मिळत नाही. व्हिएंतियानच्या बरोबर उलट.

पत्ते इथे सोपे आहेत. विषम क्रमांकाचे रस्ते उत्तर-दक्षिण, सम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम. नदीपासून पश्चिमेला जावं तसे विषम आकडे वाढतात, दक्षिणेला जावं तसे सम. घरांचे क्रमांक मात्र ओळीने नसतात. दोन्ही छेदरस्त्यांचे आकडे सांगितले की रिक्षा नेमकी पोहोचते. पासॲप किंवा ग्रॅब उघडलं की येते ती छोटी तीनचाकी पाहून आपल्याला घरचं कोणी भेटल्यासारखं होतं. ती बजाजची, गॅसवर चालणारी. वाळूजला जी रिक्षा बनते तिचीच बहीण.

फ्रेंच नॉम पेन समजून घ्यायचं तर रेल्वे स्टेशनपासून चालायला लागा. १९३२ चं हे स्टेशन पांढरं, कमानींचं. त्याच्यासमोर १०६ आणि १०८ क्रमांकाच्या रस्त्यांच्या मध्ये बागेचा लांबलचक पट्टा आहे, थेट नदीपर्यंत. हा पट्टा म्हणजे बुजवलेला कालवा. शहर दलदलीत वसलेलं होतं. फ्रेंच अभियंत्यांनी १८९० च्या दशकात कालवा खणून त्याच्या मातीने आतली जमीन उंचावली आणि वाट नॉम टेकडीभोवती गोऱ्यांची वस्ती आखली. कालव्याच्या दक्षिणेला चिनी व्यापारी, आणखी दक्षिणेला राजवाड्याभोवती ख्मेर, म्हणजे मूळचे कंबोडियन लोक. पुढे कालवा बुजवून त्याची बाग केली. म्हणजे आज आपण ज्या हिरवळीवरून चालतो ती एका काळची वस्त्यांमधली सीमारेषा. पट्ट्यावरून उत्तरेला वळून तेरा क्रमांकाच्या रस्त्याला पोस्टाचा चौक लागतो. पोस्ट अजून चालू आहे, आत जाऊन तिकीट विकत घेऊन पत्र टाकता येतं. जवळच जुनी इंडोचायना बँक, आणि समोर झाडं उगवलेली पोलीस कचेरी. तिथून वाट नॉम पाच मिनिटांवर. टेकडी जेमतेम सत्तावीस मीटर, पण सपाट शहरात तीच पहाड वाटते. याच भागात १९२४ चं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. दारापाशी फ्रेंचमध्ये कोरलंय की बळ काही काळ बांधतं, विचार कायमचा. राज्यकर्त्यांनी हे वाक्य कोणासाठी कोरलं असेल, याचा विचार पायरीवर बसून जरूर करावा.

प्सार थ्मेय, म्हणजे ‘नवा बाजार’, १९३७ चा. आम्ही याला या शहरातली सर्वांत हुशार इमारत मानतो. तळं बुजवून त्यावर बांधली. मध्ये मोठा घुमट, चार दिशांना चार हात, सिमेंट-काँक्रीटचं सगळं. घुमटाच्या खाली उभं राहून वर पाहा: पायरीपायरीने आत जाणारे थर, आणि प्रत्येक थराला उभ्या फटी. प्रकाश येतो, ऊन येत नाही. पावसाचा थेंब फटीच्या उतारावरून बाहेर वळतो. गरम हवा वरून निघते. बाहेर पस्तीस अंश असताना मधल्या दागिन्यांच्या पेढ्यांपाशी अंगाला वारा लागतो. एकही पंखा नसता तरी चाललं असतं. झिलमिलीचंच तत्त्व, फक्त लाकडाऐवजी काँक्रीटमध्ये आणि घराऐवजी अख्ख्या बाजाराला. सकाळी सात-आठला जा. दुपारी मासळीच्या बाजूची जमीन ओली आणि घसरडी होते.

राष्ट्रीय संग्रहालय पाहून कोणीही म्हणेल की हे ख्मेर मंदिर. लाल भिंती, चढत्या उतरत्या टोकदार छपरांचे थर. आराखडा जॉर्ज ग्रोलिए या फ्रेंच माणसाचा, उद्घाटन १९२० चं. ग्रोलिएचा जन्म मात्र नॉम पेनमधलाच, १८८७ चा. दर्शनी बाजू पूर्वेला, फोटो सकाळीच. आत नॉम दा इथला आठ हातांचा विष्णू आणि गोवर्धन उचलणारा कृष्ण आहे. आपल्या माणसाला तिथून पाय काढवत नाही. शेजारचा राजवाडा दुपारी बंद असतो, अकराच्या सुमारास बाहेर काढतात आणि दोनला पुन्हा उघडतात, म्हणून आधी आठला राजवाडा आणि मग संग्रहालय असा क्रम लावा. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उघड्या खांद्यावर ओढणी टाकून चालत नाही, बाहीचा सदराच लागतो. तिथे ओतीव लोखंडाचा एक पांढुरका बंगला ख्मेर छपरांमध्ये एकटा पडलेला दिसतो. तो १८७६ साली फ्रान्सकडून नोरोदोमला भेट आला. चांदीच्या मंदिराची जमीन पाच हजारांहून अधिक चांदीच्या फरशांची, बहुतेक गालिच्याखाली झाकलेली. भोवतालच्या ओवरीत रामायण रंगवलेलं आहे. पूर्वेच्या दारापासून प्रदक्षिणेच्या दिशेने चाला, तरच कथा ओळीने लागते. खालचे हातभर भाग ओलीने गेलेत.

तुओल स्लेंगला अर्धा दिवस वेगळा ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. साधी शाळा होती. ख्मेर रूज या सत्ता बळकावलेल्या कट्टर कम्युनिस्ट गटाने तिचा छळछावणीचा तुरुंग केला. १७ एप्रिल १९७५ रोजी त्यांनी हे शहरच रिकामं केलं होतं. फ्रेंचांचं मोठं कॅथेड्रल पाडलं ते त्यांनीच. ध्वनिमार्गदर्शक जरूर घ्या.

पैसे: डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, साधारण चार हजार रिएलला एक डॉलर. डॉलरखालची मोड रिएलमध्ये मिळते. फाटलेली, शाई लागलेली, दुमडीवर चिरलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, आणि हातात आलेली अशी नोट मग आपल्याच गळ्यात राहते. म्हणून एटीएमसमोरच प्रत्येक नोट उजेडात धरून पाहा. शंभराची नोट बँकेत मोडा. रस्त्यावर चालताना पिशवी आणि फोन इमारतीच्या बाजूच्या हातात, कारण हिसकावणारे दुचाकीवरून येतात. शाकाहारासाठी ‘ओत साच’ म्हणा, तरी माशाचा सॉस वेगळा विचारा. जलोत्सवाच्या तीन दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पौर्णिमेला, होड्यांच्या शर्यती पाहण्यासारख्या असतात, पण धक्क्याचे रस्ते बंद होतात आणि गर्दी अफाट. २०१० साली एका पुलावरच्या चेंगराचेंगरीत तीनशेहून जास्त माणसं गेली. अरुंद पुलांकडे त्या रात्री वळूच नका.

शेवटच्या संध्याकाळी धक्क्यावरून तासाभराची बोट घ्या. पाचच्या सुमारास निघणारी बरी. पाण्यावरून राजवाडा, संग्रहालयाची लाल छपरं आणि मागचे काचेचे टॉवर एका रांगेत दिसतात. मग पाण्याकडे पाहा. जून ते ऑक्टोबरात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी तोन्ले सापमध्ये उलटं घुसतं आणि नदी उत्तरेला, सरोवराकडे वाहू लागते. पावसाळा सरला की पुन्हा दक्षिणेला. बोटीच्या कडेने जलपर्णीचे झुबके वाहत असतात. ते राजवाड्याकडून वर चाललेत की वरून राजवाड्याकडे येताहेत, एवढं पाहिलं की वर्षाच्या कुठल्या महिन्यात आपण इथे उभे आहोत ते पंचांगाशिवाय कळतं.